त्रिशूळ बोलोन्याचा

बोलोन्याच्या मोठ्या चौकाला लागूनच एक छोटा चौक आहे आणि त्या चौकात कारंज्याच्या मधोमध समुद्राचा देव उभा आहे. शहराला समुद्र नाही. सगळा मुलूख सपाट, शेतीभातीचा. देव मात्र समुद्राचा! एक हात पुढे पसरून तो जणू लाटांना गप्प बसवतो आहे आणि दुसऱ्या हातात उंच त्रिशूळ आहे. रोमन लोकांचा हा नेप्च्यून. इटलीत त्याला नेत्तुनो म्हणतात. सोळाव्या शतकात जाम्बोलोन्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकाराने ही ब्राँझची मूर्ती घडवली. मराठी माणसाची नजर मात्र त्रिशूळापाशीच अडते. त्रिशूळ म्हटला की शंकर आणि शंकर म्हटला की बेल, ही आपली जुनी सवय. इथे त्रिशूळाखाली पाणी उडत होते, कबुतरे भिजत होती आणि सहलीला आलेली शाळेची पोरे एकमेकांचे फोटो काढत होती.

मी तो त्रिशूळ पाहायलाच आलो होतो. देवाच्या हातातला हा त्रिशूळ १९२६ साली एका मोटारीच्या नाकावर जाऊन बसला आणि मग जगभर हिंडला. त्या मोटारीचे नाव मासेराती. आपल्या मुंबईतही क्वचित एखादी मासेराती सिग्नलपाशी येऊन थांबते. आजूबाजूचे लोक लगेच तिच्या किमतीविषयी बोलू लागतात. किंमत आपण विचारण्यासारखी नाही, तेव्हा निदान नावाची चौकशी करावी, असे माझ्या मनात बरेच दिवस होते.

चौकशी केली तेव्हा कळले की हे नाव सहा भावांचे आहे, आणि १९३७ सालापासून ते त्या भावांच्या मालकीचे नाही. नाव एका घरचे, मालकी दुसऱ्याची, आणि चिन्ह तिसऱ्याच गावच्या देवाचे! हे सगळे कसे जमून आले ते पाहायला बोलोन्याहून मोदेनापर्यंत जावे लागते. अंतर अवघे चाळीस किलोमीटर. मासेराती मंडळींना मात्र ते फार लांबचे पडले.

मासेराती मूळचे बोलोन्याचेही नव्हेत. लोंबार्दी प्रांतातले व्होगेरा हे त्यांचे गाव. वडील रोदोल्फो रेल्वेत इंजिन चालवीत. घरात एकामागून एक सात मुलगे झाले. त्यांतला अल्फिएरी नावाचा मुलगा तान्हेपणीच गेला, तेव्हा त्याच्या पाठच्याला आईबापांनी तेच नाव ठेवले. या घरात नावाची आणि माणसाची ताटातूट अशी पाळण्यापासूनच सुरू झाली.

उरलेल्या सहांपैकी पाचजण यंत्रांचे वेडे: कार्लो, बिंदो, अल्फिएरी, एत्तोरे आणि एर्नेस्तो. सहावा मारिओ तेवढा चित्रकार. थोरल्या कार्लोने लहान वयातच सायकलीला बसवायचे इंजिन तयार केले, मोठमोठ्या मोटार कंपन्यांत नोकऱ्या केल्या आणि १९१० साली, तिशी गाठायच्या आतच, तो वारला. पण धाकट्यांना वाट दिसली होती. अल्फिएरी मिलानच्या इसोत्ता फ्रास्किनी कंपनीत शिकून तयार झाला आणि १ डिसेंबर १९१४ रोजी बोलोन्यातल्या व्हिया दे पेपोली या जुन्या रस्त्यावर त्याने स्वतःच्या नावाची पाटी लावली. एत्तोरे आणि एर्नेस्तो हाताखाली होतेच.

मुहूर्त काही शुभ नव्हता. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि पुढल्याच वर्षी इटली त्यात उतरली. मोटारी कोण घेणार? त्या दिवसांत अल्फिएरीने स्पार्क प्लग बनवायला घेतले. इंजिनाच्या पोटात ठिणगी पाडणारी ती बोटभर वस्तू; गाडीवाल्याला तिची आठवण गाडी बंद पडल्यावरच होते. पण या बोटभर वस्तूने मासेराती बंधूंना जगवले. पुढे कितीतरी वर्षे शर्यतीच्या गाड्यांचा खर्च या प्लगच्या विक्रीतून निघत असे.

युद्ध संपल्यावर भाऊ तोरिनोच्या दियात्तो कंपनीसाठी शर्यतीच्या गाड्या बनवू लागले. त्या कंपनीने शर्यतींचा नाद सोडला, तेव्हा हातात अर्धीमुर्धी तयार गाडी राहिली. भावांनी ती स्वतःच पुरी केली. दीड लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन. गाडी झाली, नाव होते, पण खूण नव्हती. तेव्हा घरात कोणाला तरी मारिओची आठवण झाली. त्यांचे स्नेही मार्क्विस दिएगो दे स्तेर्लिक यांनी सुचवले म्हणतात की चौकातल्या नेत्तुनोचा त्रिशूळ घ्या. मारिओने तो काढून दिला. लाल आणि निळा हे बोलोन्या शहराचे रंग त्याला दिले. सहा भावांत एखादा इंजिनाला हात न लावणारा असावा, तो असा उपयोगी पडतो!

एप्रिल १९२६ मध्ये सिसिलीच्या डोंगरांतून धावणाऱ्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीत ही गाडी उतरली. खाचखळग्यांचे, वळणावळणांचे ५४० किलोमीटर. चाकापाशी स्वतः अल्फिएरी आणि शेजारी ग्वेरिनो बेर्तोक्की नावाचा तरुण मेकॅनिक. दीड लिटरच्या गटात ती पहिली आली. या बेर्तोक्कीचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. तो पुन्हा भेटणार आहे.

पुढच्याच वर्षी मेसिनाच्या शर्यतीत अल्फिएरीला मोठा अपघात झाला आणि त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले. तरी माणूस थांबला नाही. १९२९ मध्ये त्याने दोन आठ-सिलिंडरी इंजिने एकाच गाडीत शेजारी शेजारी बसवली आणि बोर्झाकिनीने क्रेमोनाच्या सरळ रस्त्यावर ती दहा किलोमीटरभर ताशी २४६ किलोमीटरच्या वेगाने पळवून विक्रम केला. पण शरीर साथ देईना. ३ मार्च १९३२ रोजी शस्त्रक्रियेनंतर अल्फिएरी गेला. वय चव्वेचाळीस.

भावांनी धंदा मोडला नाही. बिंदो नोकरी सोडून घरी आला, एर्नेस्तो इंजिने आखू लागला. १९३३ मध्ये नुव्होलारीसारख्या नामांकित वीराने मासेराती घेऊन बेल्जियमची शर्यत जिंकली. पण नंतर जर्मनीच्या मर्सिडीझ आणि आउटो युनियन या कंपन्या सरकारी पैशाच्या पाठबळावर उतरल्या. एकीकडे सबंध राज्याचा खजिना, दुसरीकडे स्पार्क प्लगची पेटी! १९३७ साली तीन भावांनी कंपनी मोदेनाच्या अदोल्फो ओर्सी या उद्योगपतीला विकली. विकली म्हणजे नाव, प्लग, त्रिशूळ, सगळेच विकले. स्वतः मात्र दहा वर्षांच्या कराराने त्याच कारखान्यात राहिले. आपल्याच नावाच्या पाटीखाली आपण पगारी, अशी ती दहा वर्षे.

बोलोन्याहून मोदेनाला जाणारी आगगाडी रोमन लोकांनी बांधलेल्या व्हिया एमिलिया या रस्त्याची सोबत करीत जाते. अर्ध्या तासाचा प्रवास. खिडकीतून दिसतात ती शेते, विहिरीसारखी खोल नजर लागलेले कालवे, मधूनच उंच पॉप्लरची झाडे. डोंगर असा नाहीच. मोदेनात उतरले की जुन्या गावाच्या मधोमध चर्चच्या शेजारी घिरलांदिना नावाचा पांढरा उंच मनोरा दिसतो. बाकी गाव शांत. घरांच्या माळ्यांवर द्राक्षरसाचा सिरका लहानमोठ्या लाकडी पिंपांतून मुरत पडलेला असतो. अस्सल म्हणायचा तर तो निदान बारा वर्षे मुरावा लागतो. ज्या गावची माणसे सिरक्यासाठी बारा वर्षे थांबतात, त्याच गावच्या माणसांनी एका सेकंदाच्या दशांशासाठी आयुष्ये घालवली. एन्झो फेरारी या गावचाच. त्याचा मारानेल्लोचा कारखानाही इथून जवळच. शेतीची अवजारे दुरुस्त करणारे लोहार, ओतकाम करणारे कारागीर, हातोडीने पत्र्याला बाक देणारे तांबट म्हणावेत असे लोक या पट्ट्यात पूर्वीपासून होते. मोटारी या हातांना शोधत आल्या.

ओर्सीही असाच खालून वर आलेला. गरिबीत जन्मला, भंगार गोळा करून विकले, मग पोलादाचा कारखाना काढला आणि शेवटी मोदेनाच्या ट्रामगाड्या त्याच्या मालकीच्या झाल्या. त्याने मासेरातीचा कारखाना बोलोन्याहून उचलून मोदेनाला व्हियाले चिरो मेनोत्ती या रस्त्यावर आणला. ऑस्ट्रियाच्या जोखडाविरुद्ध उठून १८३१ साली फासावर गेलेल्या देशभक्ताचे नाव या रस्त्याला आहे. कारखाना आजही तिथेच आहे. मारिओने काढलेला त्रिशूळ दर्शनी भागावर मोठा करून लावला आहे. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बराच वेळ त्याकडे पाहत होतो. मूर्तीच्या हातात तो जरब बसवतो. इथे तो दुकानाच्या पाटीसारखा सौम्य दिसतो.

भावांनी नोकरी म्हणून काम केले असेल, पण काम वरवरचे केले नाही. त्यांनी बांधलेल्या गाडीने १९३९ आणि १९४० अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतली इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत विल्बर शॉच्या हातून जिंकली. मग दुसरे महायुद्ध आले. कारखान्यात शर्यतीच्या गाड्यांऐवजी लेथ, बॅटऱ्या आणि विजेवर चालणारी मालवाहू वाहने तयार होऊ लागली. १९४७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात कारखान्याने शर्यतीची नव्हे, तर रस्त्यावर चालवायची गाडी मांडली. तिचे नाव 'ए-सिक्स'. सहा म्हणजे सिलिंडर आणि 'ए' म्हणजे अल्फिएरी. जाऊन पंधरा वर्षे झालेल्या भावाला उरलेल्या भावांनी असे गाडीत बसवले.

त्याच वर्षी दहा वर्षांचा करार संपला. बिंदो, एत्तोरे आणि एर्नेस्तो यांनी आपले सामान उचलले आणि ते बोलोन्याला परत गेले. एव्हाना बिंदो साठी ओलांडून गेला होता. त्या वयात माणसे नातवंडांची बोटे धरून चौकात हिंडतात. या तिघांनी शहराबाहेर सान लाझ्झारो इथे पुन्हा पहिल्यापासून कारखाना मांडला. पण नाव काय द्यायचे? मासेराती म्हणता येईना. ते नाव तर विकलेले. मग चार शब्दांची आद्याक्षरे जुळवून 'ओस्का' असे नाव केले आणि चिन्हावर 'फ्रातेल्ली मासेराती' असे घातले. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. आपल्याकडे दुकानावर 'अमुक बंधू' लिहितात, तसेच अगदी. आडनाव विकले गेले होते, भाऊपण नव्हते.

आणि या म्हाताऱ्यांच्या दीड लिटरच्या चिमुकल्या ओस्काने १९५४ साली फ्लोरिडातल्या सेब्रिंगची बारा तासांची शर्यत जिंकली. गटात पहिली नव्हे, सर्वांत पहिली. चालवणारे स्टर्लिंग मॉस आणि बिल लॉइड. दुपटीतिपटीच्या इंजिनांच्या गाड्या मोडून पडल्या आणि ही टिकून राहिली. स्पार्क प्लग विकून घर चालवलेल्या माणसांना टिकाऊपणाची किंमत माहीत असते.

इकडे मोदेनात नाव होते. ते राखायला हात हवे होते. भाऊ गेले, पण बेर्तोक्की गेला नव्हता. सिसिलीच्या डोंगरात अल्फिएरीच्या शेजारी बसलेला तो पोरगा आता कारखान्याचा मुख्य मेकॅनिक झाला होता. १९५४ मध्ये '२५०-एफ' ही शर्यतीची गाडी आली. तिचा सर्वांत थोर दिवस म्हणजे ४ ऑगस्ट १९५७. जागा जर्मनीतले न्यूर्बर्गरिंग: जंगलातून, चढउतारांवरून जाणारी सुमारे २३ किलोमीटरची एकेक फेरी, आणि अशा बावीस फेऱ्या. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फँजिओ मासेरातीवर होता. वय सेहेचाळीस. पुढे फेरारीवर हॉथॉर्न आणि कॉलिन्स हे दोन तरणेबांड इंग्रज. फँजिओ आणि बेर्तोक्की यांनी बेत केला की टाकी अर्धीच भरायची, हलक्या गाडीने आघाडी मिळवायची आणि मध्ये एकदा थांबून तेल व टायर घ्यायचे. बेत चांगला होता, पण थांबल्यावर ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि जमवलेली आघाडी तिथेच संपली. फँजिओ पुन्हा निघाला तेव्हा फेरारीच्या दोन्ही गाड्या पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे होत्या.

मग त्याने काय केले? प्रत्येक फेरीला तो आधीचा विक्रम मोडत गेला. जे वळण इतर जण तिसऱ्या गिअरमध्ये घेत, ते तो चौथ्यात घेऊ लागला. विसाव्या फेरीला त्याला ९ मिनिटे १७.४ सेकंद लागले. आदल्या वर्षीचा विक्रम, तोही त्याचाच, यापेक्षा चोवीस सेकंदांनी मागे पडला. एकविसाव्या फेरीत त्याने कॉलिन्सला गाठले, मग हॉथॉर्नला गाठले, आणि साडेतीन सेकंदांच्या अंतराने शर्यत जिंकली. त्या जयाने तो पाचव्यांदा जगज्जेता ठरला. पुढे तो सांगत असे की तसा मी त्यापूर्वी कधी चालवला नाही आणि पुन्हा चालवणारही नाही. त्याने खरोखरच त्यानंतर विश्वविजेतेपदाची एकही शर्यत जिंकली नाही.

कारखान्याचेही तसेच झाले. अर्जेंटिनाला विकलेल्या यंत्रांचे पैसे बुडाले. नोव्हेंबर १९५७ मध्ये कराकसच्या शर्यतीत एकामागून एक मासेराती अपघातात सापडून निकामी झाल्या. जगज्जेता कारखाना त्याच साली दिवाळखोरीच्या दारात उभा होता. ओर्सीने कारखान्याचा शर्यतीचा संघ बंद केला. वाचवले ते '३५००-जीटी' या रस्त्यावरच्या गाडीने. तिचे इंजिन आखणाऱ्या अभियंत्याचे नाव होते जुलिओ अल्फिएरी. घराण्याशी संबंध काही नाही, पण नाव मात्र पुन्हा तेच! या गाड्या दोन हजारांच्या वर खपल्या, आणि ज्या कारखान्यात पूर्वी वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्या गाड्या होत, तिथे खरा धंदा सुरू झाला. १९६३ साली 'क्वात्रोपोर्ते' निघाली. उच्चार केवढा भारदस्त! अर्थ मात्र 'चार दरवाजे'. काही गाड्यांना वाऱ्यांची नावे दिली, मिस्त्राल, गिब्ली अशी. ती वेगाला शोभणारी होती.

त्यानंतरची हकीकत मालकांची आहे आणि मालकांच्या हकिकती लवकर आटपाव्यात. १९६८ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने कारखाना घेतला. १९७३ मध्ये तेल महागले, तहानलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळेना आणि १९७५ च्या मे महिन्यात सित्रोएनने कारखाना मोडीत काढायचे जाहीर केले. शेकडो कामगारांच्या पोटाचा प्रश्न आला. सरकारी संस्था मध्ये पडली आणि आलेहांद्रो दे तोमासो या अर्जेंटिनातून आलेल्या मोटारवाल्याने कारभार हाती घेतला. १९९३ मध्ये तो फियाटकडे गेला, १९९७ मध्ये निम्मा आणि १९९९ मध्ये सगळा फेरारीच्या हाती आला. चाळीस वर्षांपूर्वी न्यूर्बर्गरिंगवर ज्यांना हरवले त्यांचेच अन्न खाण्याची पाळी आली. २००५ मध्ये तो पुन्हा फियाटकडे आणि २०२१ पासून स्टेलांटिस या प्रचंड समूहाकडे. नाव एकच, सासरे किती!

दुसऱ्या दिवशी आधी कळवून मी गावाबाहेर 'होंब्रे' नावाच्या शेतावर गेलो. गोठ्यात गाई रवंथ करीत होत्या. गोठ्याच्या पलीकडे चीज मुरवण्याची कोठार. चाळीस चाळीस किलोची पार्मेज्यानोची चाके फळ्यांवर ओळीने मांडलेली. हे शेत पानिनींचे. आडनाव ऐकून आपल्याला अष्टाध्यायी आठवते, पण या पानिनींचा व्याकरणाशी संबंध नाही. फुटबॉलपटूंची चित्रे पाकिटांतून विकून जगभरच्या पोरांना वेड लावणारे ते पानिनी. त्या भावांतले उंबेर्तो पानिनी यांनी हे शेत वसवले.

आणि गाईंच्या शेजारच्या इमारतीत, उजळ काचेच्या छताखाली, त्रिशूळ लावलेल्या जुन्या मासेराती उभ्या आहेत. २५०-एफ आहे. शेकडो बारीक नळ्या जोडून सांगाडा केलेली 'पिंजरा' नावाची गाडी आहे. १९५८ मध्ये एका आइस्क्रीमवाल्याचे नाव अंगावर मिरवत धावलेली पांढरी एल्दोरादो आहे. या गाड्या कारखान्याच्या संग्रहातल्या. कारखाना विकला गेला, संग्रह मात्र मागे राहिला, आणि १९९६ साली तो लंडनला लिलावात निघाला. एकेक गाडी एकेका देशात गेली असती. उंबेर्तो पानिनींनी तो मोदेनासाठी विकत घेतला आणि आपल्या गोठ्याशेजारी आणून ठेवला. २०१३ मध्ये ते वारले; गाड्या मोदेनातच आहेत.

तिथे उभा असताना मला वाटले, नाव कोण राखतो? ज्यांचे रक्त तो? की ज्यांना ते विकता आले तो? सिसिलीपासून न्यूर्बर्गरिंगपर्यंत एकाच नावाखाली राबलेला बेर्तोक्की मासेराती नव्हता. भंगार वेचून वर आलेला ओर्सी नव्हता. चीजवाला पानिनीही नव्हता. आणि जे खरे मासेराती होते, त्यांनी नाव सोडून नुसते हात बरोबर नेले आणि त्या हातांनी सेब्रिंग जिंकली.

संध्याकाळच्या गाडीने बोलोन्याला परतलो. २०२० साली कारखान्याने नवे इंजिन काढले: सहा सिलिंडर, ६३० अश्वशक्ती, मोदेनातच आखलेले. त्याचे नाव ठेवले 'नेत्तुनो'. चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी देवाचा त्रिशूळ नेला होता. आता देवालाही नेले. मी पुन्हा त्या चौकात गेलो. दिवे लागले होते, पोरे घरी गेली होती. नेत्तुनो पूर्वीसारखाच हात पसरून उभा होता आणि त्रिशूळ त्याच्या हातातच होता. विकला गेला तो मारिओने काढलेला; हा कोणी विकायला काढलेला नाही.